अठ्ठावीस हरभरे

माघ शुद्ध ३, शके १८५७
सुनेला हाकललं! नातीला, सोनूला, कडेवर घेऊन तुळजा राजूरला बापाकडं गेली. जाताना रडली न्हाई. मीबी न्हाई. पुंजाराम जाऊन तीन महिने झाले, लेकाला जाळून लोक आले तेव्हापासून माझं रडू कुठं अडकलंय कोण जाणे.

माघ शुद्ध ४
कारण लिहून ठेवते — उद्या लोक म्हणतील सासू खाष्ट. दुकानाला कंदिलांची पेटी आणायची, छापील भाव शंभर रुपये. ठेसनाजवळच्या पेढीची सूट शेकडा वीस, त्यावर आणखी दहा. वीस न् दहा तीस! तीन वर्षं पुंजाराम माल आणायचा. मी शंभर द्यायची, तीस बराबर परत. आता माझे गुडघे धरलेले, म्हणून तुळजाला धाडलं. अठ्ठावीसच परत आणले! पावती दाखवती — उर्दूत, मला कुठं वाचता येती. "आत्याबाई, दुसरी सूट उरलेल्यावर—" म्हटलं, मला शिकवू नको. नवऱ्याच्या हातनं तीस, तुझ्या हातनं अठ्ठावीस? दोन कुठल्या गाठीला बांधले?
पावती माझ्यापुढं ठेवून उठली. चोराला तोंड नसतं.

माघ वद्य १
दुकान उघडलं. लगेच बंद केलं.

माघ वद्य ७
पुंजारामची चंची अजून खुंटीवर. रिकामी. तीन वर्षांखाली तंबाखू सोडल्ती त्यानं. मी कटकट करायची ना. गुण माझाच.

फाल्गुन शुद्ध ५
पेढीचा रामकिसन आल्ता, मालाची मागणी घ्यायला. विचारलं, वीस न् दहा किती रे? म्हणाला, अठ्ठावीस. म्हटलं, शाळा बुडवली का?
हसला मेला. "मावशी, आधी वीस काढा. राहिले ऐंशी. मंग दहावा हिस्सा ऐंशीचा, शंभराचा न्हाई."
जीभ लई चालती त्याची.

फाल्गुन शुद्ध ६
सकाळी ओट्यावर शंभर हरभरे मोजले. वीस काढले. ऐंशीचे दहा-दहाचे आठ ढीग. हर ढिगातून एक उचलला. निघाले अठ्ठावीस. फिरून मोजले. अठ्ठावीसच!
मंग पुंजाराम तीस कसे आणायचा? भाव पाडत असंल. चुणचुणीत होता.

फाल्गुन शुद्ध ८
गाडी जुंपून राजूरला गेले. तुळजाचा बाप श्रीपती दारात आडवा उभा. "विहीणबाई, चोरटीला कशाला नेता?"
म्हटलं, ती चोर न्हाई. माझा हिशेब चुकला.
तुळजानं लुगडी बांधली, सोनूला माझ्या मांडीवर टाकलं. वाटेत विचारलं, पुंजाराम तीस कसे आणायचा? तिनं सोनूचं टोपडं सोडून फिरून बांधलं.

फाल्गुन शुद्ध ९
चुलीपुढं बसून तुळजा बोलली. वरचे दोन रुपये तो तंबाखू सोडून वाचवलेले घालायचा. "माय चुकली असं तिला कोण सांगणार, असं ते म्हणायचे."
बाजारातून तंबाखू आणली. चंची भरली. खुंटीला लावली.