डावीकडे ओढणारी गाडी

नाना, आज गाडीचा पुढचा बंपर उतरवला आणि सगळं उघडं पडलं. बाहेरून गाडी लग्नाला निघाल्यासारखी चकचकीत, आणि आत डाव्या बाजूची लोखंडी पट्टी पार मुडपलेली, चाक धरून ठेवणारा आर्म वाकलेला. मेकॅनिकने टॉर्च मारला. "सार, इंगे पारुंग," तो म्हणाला, इथे बघा. मग विचारलं, अशी गाडी दोन महिने चालवलीत? मी मान हलवली. खरं तर मी फारशी चालवलीच नाही. तुमच्या नातीने चालवली, आणि मग सोडून दिली.

झालं ते असं. वेलचेरीत आमच्या बिल्डिंगच्या कोपऱ्यावर एका व्हॅनने डावीकडून घुसून पुढच्या चाकापाशी ठोकलं. चूक सरळसरळ त्याची. लोक जमले, एक शेअर ऑटोवाला तर माझ्या वतीने त्याच्याशी भांडायलाही लागला. व्हॅनवाल्याने हात जोडले. आणि मी, याच शहरात जन्मलेला, तमिळ शाळेत शिकलेला, म्हणालो, "परवायिल्लै, पोंग." असू दे, जा. त्याचा नंबरसुद्धा घेतला नाही. शेअर ऑटोवाला माझ्याकडे असा बघत राहिला की जणू मीच त्याचा अपमान केला. गॅरेजवाल्याने विचारलं, बंपर काढून आत बघू का? मी म्हटलं, कशाला, वरवरचं आहे, रंग मारून द्या. विम्याच्या कागदावर 'काम पूर्ण, तक्रार नाही' म्हणून सहीही ठोकून दिली. आज विमा कंपनीला फोन केला तर ते म्हणतात, तेव्हा का नाही बोललात? आता कुठल्या तोंडाने बोलू?

मला तुमचा राग येतोय, नाना. गेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात, पण येतोय त्याला काय करू. परमुलखात आवाज चढवायचा नाही, हे तुम्ही आमच्या हाडीमाशी भिनवलंत. वेस्ट मांबलमचं भाड्याचं घर आठवतं? अंगणातल्या हातपंपाचा दांडा मोडला आणि घरमालकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी जिन्यावरून धावत येतो, सांगायला तोंड उघडतो, आणि तुम्ही माझी मानगूट धरून मला खाली वाकवता. "माफी माग." मी दांड्याला हातही लावला नव्हता. तुम्ही विचारलंच नाहीत. वर जाताना एवढंच म्हणालात, "आपलं गाव लांब आहे. इथे पोटासाठी आलोय. मिटलं ना? मग झालं." तुमच्यापुरतं मिटलं असेल. मी त्या रात्री जेवलो नव्हतो, हे आईला माहीत होतं.

आणि कारखान्यात तुम्ही कोण होतात! आयुधपूजेला घरच्यांना आत सोडायचे, तेव्हा तुम्ही मला लष्करी गाड्यांच्या शेडमध्ये नेलं होतं. यंत्रांना चंदन-कुंकू, दारात फोडलेला कोहळा, आणि तपासनीस साहेबांच्या, म्हणजे तुमच्या, खिशात सणासुदीलाही खडू आणि छोटी हातोडी. एका जोडावर तुम्ही टकटक केलंत, कान लावलात आणि खडूने गोल काढलात. वेल्डरने कपाळाला हात लावला, "सार, आज तरी सोडा." तुम्ही शांतपणे म्हणालात, "रंग मारला की सगळंच चांगलं दिसतं. उद्या उघड." लोखंडाला विचारायला तुमच्याकडे वेळ होता, नाना. मला विचारायला नव्हता. आणि मी तुमच्याकडून नेमकं काय उचललं बघा. हातोडी नाही, मान वाकवणं उचललं.

गाडी रंगवून आली त्याच आठवड्यात मी ती लेकीला दिली. नवं लायसन्स, नवी नोकरी, पोर हरखून गेली होती. चौथ्या दिवशी म्हणाली, "बाबा, ब्रेक दाबला की गाडी लेफ्टला ओढते."

"गाडी नाही ओढत, तू ओढतेस. स्टिअरिंग इतकं घट्ट धरायचं नसतं."

"नाही बाबा, सीरियसली. हात सैल सोडून बघितलं मी."

"हात सोडून? शाबास! मग ओढणारच."

हे मी तिच्या आईसमोर म्हणालो, खालच्या शेजाऱ्यांसमोर म्हणालो, आणि दर वेळी हसून. मग एका संध्याकाळी उड्डाणपुलावर तिने जोरात ब्रेक मारला आणि गाडी कठड्यापासून हातभर अंतरावर थांबली. घरी आली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. किल्ली टीव्हीशेजारी ठेवून म्हणाली, "एनक्कु वेण्डाम, बाबा. नको मला ही गाडी, नाही जमत." त्या दिवसापासून ट्रेनने जाते. होईल हळूहळू, असं मी तिला म्हणालो, तेही अगदी मोठ्या मनाने. परवा हवा भरताना टायरवाल्याने डावा टायर आतून झिजलेला दाखवला, म्हणून आज गॅरेज गाठलं. नाहीतर मी जन्मभर तिच्या हातांनाच दोष देत बसलो असतो.

घरी आलो तेव्हा ती ऑफिसचे कपडे इस्त्री करत होती. न वळताच विचारलं, "काय निघालं?" वाक्य माझ्या ओठांवर होतं. चूक गाडीची होती, तू पहिल्या दिवसापासून बरोबर सांगत होतीस. आणि मी म्हणालो, "काही विशेष नाही गं. किरकोळ आहे." ती "हं" म्हणाली आणि दुसरी सलवार पसरली.

तेव्हापासून हे तुम्हाला लिहीत बसलोय. सगळं तुमच्यावर ढकलून मोकळं व्हावं, हाच बेत होता. पण घरात कसला परमुलूख, नाना? तिथे मला कुणाची भीती होती? पोरीसमोर मला चुकीचं ठरायचं नव्हतं, एवढंच. हातपंपापाशी मला न विचारण्यामागे तुमचंही तेवढंच असेल का, कोण जाणे. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून हात इतका सरसर चालला. ती भिंतीपलीकडे आहे, इस्त्रीचा आवाज येतोय, आणि मी अजून खुर्चीतून उठलेलो नाही.