आजीचं टिकट

कलकत्ता,
३ फेब्रुवारी १९६४

ती. दीदीस,
हरिचरणचा सा. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेम. कुमुदचं जमत आलं आहे. मुलगा अवधेश, वकील. भवानीपूरचे मिश्र, तीन पिढ्या हायकोर्टात. त्यांचे धाकटे काका सरकारी कामासाठी पुढच्या बोटीनं पोर्ट ब्लेअरला येताहेत. ते तुला भेटायला येतील. म्हणून एक विनंती. बाहेरच्या खोलीतल्या खिळ्यावरचं आजीचं ते टिकट तेवढं उतरवून ठेव. आजोबा तिकडे सरकारी कारकून म्हणून गेले, असं मी त्यांना सांगितलं आहे. तसं फार खोटंही नाही, सरकारनंच नेलं होतं ना? आणि कृपा करून आजीचा विषय काढू नकोस. पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे.

तुझी माया आहे तशी राहू दे.
तुझा,
हरि वर्मा

पोर्ट ब्लेअर,
१५ फेब्रुवारी १९६४

चि. हरिचरणास,
अनेक आशीर्वाद.

खालची सही वाचून पत्र पोस्टमनला परतच देणार होते. इथून बोटीत चढलास तेव्हा हरिचरण वेलू होतास. वर्मा कुठल्या बंदरावर झालास?

आजोबा म्हणे कारकून! अरे, मदुरैकडचा दरोडेखोर तो, जन्मभर अंगठा उठवला. रंगूनच्या शाळेतल्या नन्सनी मला बाकी काय शिकवलं ते विसरले, पण खोटं बोललं की हातावर पट्टी बसायची ते विसरले नाही. तुझा हात कोरा राहिला, तिथंच चुकलं.

तरी तुझं ऐकलं आहे. टिकट खिळ्यावरून उतरवलं आणि आजच रजिस्टर पार्सलनं कुमुदच्या नावे पाठवलं. लग्नाचा आहेर समज. पुढचं तिला वाचून दाखव. तू नाही दाखवलंस तर मी येऊन दाखवीन.

कुमुद, ही लाकडी पाटी तुझ्या पणजीच्या, मुनियाच्या, गळ्यात लोखंडी कडीला असायची. वर नंबर, शिक्षेचं साल आणि कलम ३०२. बिहारातल्या आऱ्याकडची ती. नवरा रोज मारायचा. एक दिवस तिनं चारा कापायचा गंडासा उचलला. कोर्टानं विचारलं तेव्हा हो म्हणाली. काळ्या पाण्यावर आणल्यावर इथल्या साहेबानं पश्चात्ताप झाला का विचारलं, तेव्हा म्हणाली, झाला असता तर तिथंच सांगितला नसता?

पाच वर्षांनी तिला बायकांच्या तुरुंगाच्या आवारात रांगेत उभं केलं. घरठाव करायची परवानगी मिळालेले कैदी बायको निवडायला आले होते. बाकीच्या जमिनीकडे बघत होत्या. आजीनं समोरच्याला तळवे दाखव म्हणून सांगितलं. मऊ होते. म्हणजे हातात काठी घेऊन इतरांना हाकणारा जमादार. नको म्हणाली. दुसराही तसलाच, त्यालाही नको. तिसरा वेलू. झाडं तोडून तोडून हातांना घट्टे. त्याची भाषा तिला कळत नव्हती, पण हात कळले.

आणि हरि, त्या पाटीच्या कोपऱ्यावर दातांचे व्रण आहेत ते तुझे. दात येताना तू घर डोक्यावर घ्यायचास, तेव्हा आजी हीच तुला चघळायला द्यायची. ह्यावर एक अक्षर खोटं नाही, पोराला बाधायचं नाही, असं म्हणायची.

लोभ आहेच. राग त्याहून जास्त आहे.
तुझी,
रुक्मिणीदीदी

कलकत्ता,
९ मार्च १९६४

ती. रुक्मिणीबुआस,
कुमुदचा सा. न.

पार्सल पोचलं. बाबांनी ते कपाटात कोंबलं, मी काढलं. परवा मिश्र मंडळी आली तेव्हा संदेश मिठाईच्या तबकात मधोमध ठेवून बाहेर नेलं. आईला घेरीच यायची बाकी होती.

अवधेशच्या वडिलांनी आधी कलम वाचलं. संदेश तोंडापर्यंत जाऊन थांबला. हे कोणाचं, म्हणून त्यांनी विचारलं. बाबांनी पाटी उचलली. मला वाटलं, आता कारकून निघणार. पण त्यांचा अंगठा त्या कोपऱ्यावर फिरत राहिला, आणि ते म्हणाले, माझ्या आजीचं.

मिश्रजी मुरलेले वकील. म्हणाले, बिचारीवर खोटा आळ आला असेल, निर्दोष होती असं आपण सांगू, समाजात निभावून नेता येईल. बाबा म्हणाले, नाही. मारलं तिनंच.

मग मी अवधेशला तळवे दाखवायला सांगितलं. त्यानं आधी वडिलांकडे पाहिलं. मला तळवे बघायची गरजच उरली नाही.

तीन पिढ्यांचं हायकोर्ट चहा न घेता गेलं. तू चिडलेली असशील तर लगेच लिही, शांत झाली असशील तर लवकर ये.
तुझी,
कुमुद

कलकत्ता,
९ मार्च १९६४

ती. दीदीस,
सा. न.

माझा राग गेलेला नाही. पोरीचं लग्न तू मोडलंस, हे मी जन्मभर बोलून दाखवणार आहे.

टिकट परत मिळणार नाही. बाहेरच्या खोलीत खिळा ठोकला आहे.

तुझा,
हरिचरण वेलू