आतला माणूस

५ फेब्रुवारी, सकाळी ८
आजपासून कमी बोलायचं. चहा दोनच. मार्चमध्ये व्हाइस प्रेसिडेंट होणार, तसं वागायला आताच लागलं पाहिजे. तुरंग रेसिंग अँड गेमिंगमध्ये सतरा वर्षं झाली. घोडे परराज्यातल्या मैदानावर पळतात, सट्टा ॲपवर लागतो, हेड ऑफिस धंतोलीत, हाडांच्या दवाखान्याच्या वर. मी कंपनी सेक्रेटरी. मालकांना नियम पाळायला लावणं हे माझं काम.

६ फेब्रुवारी
मालकांच्या, म्हणजे भैयाजींच्या, पगारवाढीची नोट लिहिली. नऊ कोटींचे चौदा. नफा घटलाय, म्हणून कारण शोधावं लागलं. ‘असामान्य नेतृत्व टिकवण्यासाठी.’ ‘असामान्य’ हा शब्द माझा. भैयाजींनी दोनदा वाचून घेतला.
मैदानावरच्या तिकीट खिडक्यांचे चाळीस क्लार्क त्याच मीटिंगमध्ये कमी झाले. तो विषय वेगळा.
प्यून देवाजी कप उचलता उचलता म्हणाला, साहेब, घोडा पयते, चना मालक खाते. मी हसलो नाही.

१२ फेब्रुवारी, दुपारी ४.३०
भैयाजींनी केबिनमध्ये बोलावलं. त्यांचा मुलगा पियुष आधीच बसलेला. दार लावून घेतलं. ज्या राज्यात ॲपचा निम्मा धंदा, तिथला परवाना रद्द होणार. कागद पुढल्या आठवड्यात येईल.
मी नियम सांगितला. अशी बातमी ज्यांना ठाऊक, त्यांची नावं कॉम्प्युटरवरच्या यादीत टाकावी लागतात. बातमी बाहेर पडेपर्यंत त्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी कंपनीचे शेअर विकायचे नाहीत. टाकलेलं नाव पुसता येत नाही, मागची तारीख घालता येत नाही.
भैयाजी म्हणाले, मंग टाक ना गा, अंकुश. तुह्यं टाक. आमी बाप-लेक तं घरचेच, आमचं काय टाकतं? कंपनीत आतला माणूस म्हनशीन तं तूच एक.
सतरा वर्षांत पहिल्यांदा खांद्यावर हात ठेवला.
४.२० ला नाव टाकलं. यादीत एकच ओळ. सुरेख दिसते.

त्याच दिवशी, संध्याकाळी
बायकोला सांगितलं, मी आता आतला माणूस. बातमी सांगितली नाही. दीप्ती म्हणाली, आमच्या कामठीत आत म्हणजे दुसरंच समजतेत. तिला कॉर्पोरेट भाषा कळत नाही.

१४ फेब्रुवारी
रजत आला. दीप्तीचा भाऊ, इतवारीत भांड्यांचं दुकान. त्याला तुरंगचे शेअर मीच घ्यायला लावले होते. म्हणाला, जिजाजी, ठेवू का विकू?
नियम म्हणजे नियम. मी काही बोललो नाही. चष्मा काढला, पुसला, खिडकीबाहेर बराच वेळ पाहिलं, आणि काही बोललो नाही.
तो म्हणाला, समजलो.
काय समजला कोण जाणे. पण माझ्या मौनात आता वजन आलं आहे.

१६ फेब्रुवारी
पियुषची बायको काजल हिने आपले सगळे शेअर विकल्याचा फॉर्म टेबलावर. भैयाजींना विचारलं. म्हणाले, तिले काय माईत? फर्निचर कराचं आहे तिले.
यादी तपासली. यादीत त्यांच्या घरचं कुणीच नाही. म्हणजे नियमभंग नाही. यादी चोख ठेवली म्हणून प्रश्न पाच मिनिटांत सुटला.
ब्लेझरचं माप दिलं. नेव्ही ब्लू.
चहा पाच.

२१ फेब्रुवारी
बातमी बाहेर. दोनशे बाराचा शेअर चौसष्टवर. आमच्याकडे दीप्तीच्या नावावर पाचशे आहेत. एकही विकला नाही. तिला म्हटलं, याला सचोटी म्हणतात. ती कणीक मळत होती, मळतच राहिली.
रजत संत्रा बर्फी घेऊन आला. त्याने पंधरालाच सगळे काढले. म्हणाला, जिजाजी, तुमचं थोबाड पाहूनच समजून गेलं का काहीतरी भानगड आहे.
मी बर्फी खाल्ली नाही. नंतर अर्धी खाल्ली.

३१ मार्च
व्हाइस प्रेसिडेंटचं पत्र आलं नाही. रविवार होता.

८ एप्रिल
शेअर बाजाराच्या नियामकाचं पत्र आलं. यादीत नाव एक. त्या नावाच्या मेहुण्याने बातमीच्या आधी शेअर विकले. खुलासा करा.
काजलचा उल्लेख नाही. यादीप्रमाणे तिच्या घरी कुणाला काही ठाऊकच नव्हतं.
पत्र घेऊन भैयाजींकडे गेलो. शांतपणे वाचलं. म्हणाले, मले तं पेपरातूनच समजलं गा. यादी पाय ना. तूच लिवली.
भैयाजींचा विनोद असा कोरडा असतो. उद्या बोलतील.

१० एप्रिल
बोलले. पगाराच्या नोटमध्ये चौदाचे सोळा करायचे, ‘संकटकाळातील नेतृत्वासाठी’. लिहून दिली. ‘असामान्य’ या वेळी त्यांनीच सुचवला. म्हणजे माझ्या भाषेवर विश्वास अजून आहे.

१२ एप्रिल
आतली बातमी फोडल्याच्या संशयावरून एका अधिकाऱ्याला निलंबित केलं, हे शेअर बाजाराला कळवायचं होतं. ते काम कंपनी सेक्रेटरीचं. मसुदा लिहिला. ‘निलंबित’ची वेलांटी दीर्घ पडली होती, ती ऱ्हस्व केली. खाली सही केली.
बाहेर पडेपर्यंत हीसुद्धा आतलीच बातमी. म्हणून यादी. भैयाजी म्हणाले, या टाइमाले सगळ्याइचे नावं टाक. माह्यं, पियुषचं, काजलचं बी. नियम म्हणजे नियम.
तिन्ही टाकली. चौथं टाकायला लागलो तर म्हणाले, तुह्यं काहून? तू आता आतला कुठं आहे?
देवाजीने खालपर्यंत पिशवी आणून दिली.
घरी आलो. दीप्तीला एवढंच सांगितलं, मी आता आतला माणूस नाही.
ती म्हणाली, थांबा, वकील काय म्हणते ते पाहू.