तारेवरचं गुंतवळ

१४ ऑक्टोबर
आले एकदाची! मंद्रूपच्या बाहेर, माळाला लागून दोन खोल्या मिळाल्या. पुढं ओटा, मागं काटेरी तारेचं कुंपण, आणि कुंपणापलीकडं नजर पोचेल तिथवर नुसतं कुसळी गवत. घरमालकीण शालनमावशी शेजारीच राहतात. त्यांनी आल्या आल्या कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही पुढ्यात ठेवलं, आणि मीही काही लाजले नाही. यशपालला फोनवर सांगितलं तर म्हणाला, संघप्रिया, तू संशोधनाला गेलीस की जेवायला? नवरा म्हणून एवढंच सुचतं त्याला. साक्षू मात्र रडली. पाच वर्षांची झाली, तरी माझी वेणी मुठीत धरल्याशिवाय झोपत नाही. आता मार्चपर्यंत पोरीनं काय धरून झोपावं?

१६ ऑक्टोबर
आज मावशींना माझं काम समजावलं. केस मुळातून हळूहळू वाढतो आणि त्या काळात आपण जे खाल्लं, जे प्यायलं, त्याची खूण तेवढ्या तुकड्यात उतरते. ज्वारीची खूण वेगळी, भाताची वेगळी, मांसाची वेगळी. पुण्याच्या धरणाचं पाणी वेगळं, इथं उन्हात आटलेल्या तळ्याचं वेगळं. कुंपणाला अडकलेला लांडग्याचा केस बारीक कापून तपासला की तो कुठं हिंडला, काय खाऊन जगला, सगळं कळतं. आणि एकदा उतरलेली खूण बदलत नाही. मावशी म्हणाल्या, म्हंजी केस चुगली करतो की! मी खूप हसले.

त्यांचे दीर बिरदेव मेंढरं राखतात. माळावर एक लांडगीण हाय आणि तिच्या पाठीशी एक पिल्लू हाय, असं ते म्हणाले. त्यांच्या टिप्या कुत्र्यानं माझा हात चाटला. चला, ओळखी झाल्या.

२० ऑक्टोबर
उघड्यावर लटकलेला केस उन्हावाऱ्यानं किती बिघडतो ते बघायला, ज्याची सगळी माहिती आहे असा केस शेजारी टांगावा लागतो. माझ्या केसांइतकी माहिती मला आणखी कुणाच्या केसांची असणार? विंचरताना निघालेलं गुंतवळ मी तारेला जागोजागी बांधलं. ते बघून मावशींचा चेहराच उतरला. गुंतवळ असं उघड्यावर ठिवायचं न्हाय, म्हणाल्या. टाकायचं तर थुंकून टाकायचं. आपण थुंकलेलं मग दुसरं कुणी घेत न्हाय. मी म्हटलं, मावशी, थुंकी लागली तर नमुना बाद होतो! त्या उठून घरात गेल्या. मला जरा वाईट वाटलं.

९ नोव्हेंबर
सगळं गुंतवळ गायब. चिमण्यांनी घरट्याला नेलं असणार. पण नेमक्या त्याच जागी लांडगिणीचे राखाडी केस अडकलेत, मुळासकट! नशीब जोरावर आहे माझं. केस पुण्याला प्रदीपकडं पाठवले. प्रयोगशाळेतलं यंत्र तोच सांभाळतो. तारेला नवं गुंतवळ बांधलं.

२ डिसेंबर
प्रदीपचा फोन. चेष्टा पुरे, म्हणाला. म्हणे लांडगिणीचा केस ज्वारीची भाकरी खातो आणि नळाचं पाणी पितो. आणि त्याआधी? पुण्याचं पाणी, वरणभात, तेही टोकापर्यंत. तुझे केस चुकून पाठवलेस, म्हणाला. मी स्वतः पाकिटं बांधली होती. राखाडी, जाड केस होते ते. सूक्ष्मदर्शकाखाली लांडग्याचेच दिसत होते.

तारेवरचं गुंतवळ पुन्हा गायब झालं.

१७ डिसेंबर
साक्षूला फ्रॉक घ्यायला जवळच्या शहरात, नवी पेठेत गेले होते. दुकानदारानं विचारलं, मुलगी केवढी आहे? मला सांगता येईना. लाज वाटली. मग फोन काढून तिचा फोटो दाखवला आणि अंदाजानं फ्रॉक घेतला.

टिप्या आज माझ्यावर गुरगुरला. बिरदेवनी त्याला हाकललं, पण मग तेही माझ्याकडं बघत राहिले.

९ जानेवारी
मागच्या महिन्यात डोक्यावरचाच केस उपटून प्रदीपला पाठवला होता. आज त्याचा फोन आला. म्हणाला, हा केस कच्च्या मांसावर वाढलाय. तळ्याच्या पाण्यावर. मुळापासून टोकापर्यंत. टोक म्हणजे साक्षू रांगत होती तेव्हाचं! तेव्हा मी पुण्यात होते. होते ना?

उतरलेली खूण बदलत नाही, असं मीच इथं लिहिलंय. मला भीती वाटते.

२८ जानेवारी
मावशी आज लई मायेनं बोलल्या. काल दुपारी म्हणे मी ओट्यावर बसून त्यांना साक्षूच्या जन्माची सगळी हकीकत सांगितली, आणि आम्ही दोघी रडलो. काल दुपारी मी तळ्यावर होते. एकटीच.

आणि ती हकीकत मला आठवत नाही. काहीच नाही. शेवटी मावशींनाच विचारलं, मी काय सांगितलं? त्या हसायला लागल्या, मग हसायच्या थांबल्या.

११ फेब्रुवारी
भाकरी घशाखाली उतरत नाही. बिरदेवच्या मेंढरांचा वास इथवर येतो आणि तोंडाला पाणी सुटतं. मी दार लावून घेते.

कुंपणावर आता काही बांधत नाही. पण कंगव्यात राखाडी केस येतात. वेणी बोटभर जाड राहिली. आज गुंतवळावर थुंकायला गेले. थुंकी येईना. मेंढरांच्या वासानं तोंड भरतं आणि यासाठी घसा कोरडा. आता थुंकून उपयोग तरी काय, बाई. जे जायचं ते गेलं.

२ मार्च
यशपालला फोन केला. येऊ नका म्हटलं, साक्षूला आणू नको, तुझ्या पाया पडते. तो वैतागला. सकाळी तर तूच गोड बोलून बोलावलंस, म्हणाला. साक्षूशी तासभर बोललीस. आवाज असा का येतोय, घसा बसलाय का?

मी सकाळी फोन केला नाही. फोन घरात होता. मी कुंपणापलीकडं होते.

मी कुंपणापलीकडं का होते?

मार्च
गवतात आहे. वही तेवढी घेतली. पेन बोटांत टिकत नाही.

घरात ती आहे. माझा निळा ड्रेस. माझी वेणी, कंबरेपर्यंत. तीच, पूर्वीसारखी जाड.

गाडी आली. यशपाल उतरला. लहान मुलगी उतरली — साक्षू — नाव आहे अजून, हे नाव मी जाऊ देणार नाही — पळत गेली आणि वेणी मुठीत धरली. घट्ट.

हाक मारली. टिप्या भुंकायला लागला. बिरदेवनी दगड मारला. खांदा —

दुपार
ती ओट्यावर केस विंचरते आहे. गुंतवळ गुंडाळलं. त्यावर थुंकली. टाकलं. मावशी हसल्या, शिकलात की शेवटी!

तिला माहीत आहे. तिला सगळं माहीत आहे.

आता साक्षूला पुढ्यात घेतलं. नवा फ्रॉक. तिचे केस विंचरते. थोडे निघाले. बोटाला गुंडाळले.

थुंक. थुंक गं बाई, थुंक ना —

थुंकली नाही. उठली. कुंपणाशी आली. तारेला बांधले. मी कुठं बसले आहे ते तिला बरोबर ठाऊक होतं. बघून हसली.

शेजारी गवत हललं. पिल्लू. तारेकडं बघतंय.

सोडवायला गेले. बोटं वळत नाहीत. दातांनी ओढलं, गाठ घट्ट आहे. पिल्लू जवळ येतंय. गुरगुरले तरी येतंय, माझी भीती नाही त्याला.

थुंकते. तोंड कोरडं आहे पण थुंकते. पोरीसाठी आईनं थुंकलेलं चालत असेल. चाललंच पाहिजे. पण तिची आई आता —