रोवेनाचा सग्वारो

प्रिय रोवेना,

पायांची सूज उतरली का? पाणी पितेस ना? फोनवर विचारलं की तू नुसतं 'हो बाबा' म्हणतेस आणि माझा घोर तसाच राहतो. म्हणून लिहितोय. शाळा अर्ध्यावर सुटलेल्या माणसाचं अक्षर आहे, सांभाळून घे.

सग्वारो निवडुंगांची फळं पिकली. सेलेस्टीनआत्या आणि मी टेकडीखाली मुक्काम टाकलाय. रिवाजाप्रमाणे पहिलं फळ तुझ्या नावानं छातीला लावलं. सालं लाल बाजू वर करून ठेवली, पावसाला दिसावीत आणि तो यावा म्हणून. एखादं पालथं तर झालं नाही ना, हे मी सारखा बघून येतो. आत्या म्हणते, "अरे, पावसाला तुझ्याएवढी काळजी नाही. ये, फळं पाड."

एक गोष्ट कळवायची राहिली आहे. आत्यानं दम दिला होता, "पोटुशी पोरीला सांगशील तर जीभ हासडीन." पण लपवून मला घास उतरत नाही. मार्चातल्या वादळात तुझा सग्वारो पडला. तू जन्मलीस तेव्हा तुझ्या आईनं तुझी वार ज्याच्या पायाशी पुरली, तोच. अपशकुन मानू नकोस, त्याचं वय झालं होतं. घरचं माणूस गेल्यावर बसतात तसा मी त्याच्यापाशी दिवसभर बसलो. शेजारचा विल्फ्रेड फळं पाडायच्या काठीसाठी त्याच्या आतल्या लाकडी फासळ्या मागायला आला. म्हटलं, "पोरीचा आहे, तिला विचारल्याशिवाय नाही." तो म्हणाला, "मग काय फीनिक्सला जाऊन तिची सही आणू?" हसला, पण हात न लावता गेला.

आता खरं काम. फोनवर बोलायला बापाला लाज वाटते. दवाखान्यात वार टाकून देतात म्हणे. बाळाची टाकू देऊ नकोस. नर्सला आधीच सांगून ठेव. मागितली की देतात, विल्फ्रेडच्या सुनेला दिली होती. तुझा नवरा तोंड वाकडं करील, करू दे. मी बर्फाचा डबा घेऊन येईन. ओढ्याकाठी झाडाच्या सावलीत एक सग्वारो आहे, माझ्या गुडघ्याएवढा. त्याला फांदीसारखा पहिला हात फुटेल तेव्हा तूसुद्धा म्हातारी असशील. बाळ खुशाल शहरात वाढू दे, पण त्याचं म्हणून इथे कुणीतरी उभं असायला हवं. त्या सग्वारोच्या पायाशी मी खड्डा खणायला घेतलाय. आत्या हसते, म्हणते अजून महिना आहे. असू दे. माती कडक आहे, मला वेळ लागतो.

तुझाच,
बाबा