हातोडा न वाजवता बांधलेला रॅम्प

१० फेब्रुवारी, रविवार
उणे बावीस अंश. आज पुन्हा सिव्हर्टने माझ्या आईला खुर्चीतून उचललं आणि प्रार्थनाघराच्या पाच पायऱ्या चढवून आत नेलं. आई एक्क्याण्णव वर्षांची. त्याच्या गळ्यात हात टाकून म्हणते, "सिव्हर्टा, तू मला साठ वर्षं आधी का रे भेटला नाहीस?" सगळे हसले. माझी बायको दाग्नी सगळ्यात मोठ्याने. मी कोट टांगत होतो.

मला त्याचा हेवा वाटत नाही. जन्मभर ट्रक चालवलेला माणूस. दंड मजबूत आहेत, एवढंच.

१२ फेब्रुवारी
उपाय सापडला. रॅम्प! आई चाकांच्या खुर्चीतून वर जाईल आणि मागून ढकलणारा मी असेन. शिवाय यंदा बुधवारची बायबल-प्रवचनं माझ्याकडे आहेत. विषय : 'शलमोन राजाच्या बांधकामातून रोजच्या जगण्यासाठी सहा धडे'. धडा पहिला : शलमोनाने मंदिराचे दगड खाणीतच घडवून आणले, जागेवर हातोड्याचा आवाज म्हणून झाला नाही. मीही सगळं शेडमध्येच कापणार. कुणाला एक शब्द नाही. एका सकाळी रॅम्प तिथे असेल. याला म्हणतात नम्रता.

सिव्हर्टचं तोंड बघण्यासारखं होईल.

१५ फेब्रुवारी, सकाळी ७
गुपचूप माप घेऊन आलो. जमिनीपासून उंबऱ्यापर्यंत एकाहत्तर सेंटीमीटर. दोनदा मोजलं. पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय, तिसऱ्यांदा मोजायची गरज नव्हती.

२७ फेब्रुवारी
पहिला धडा दिला. श्रोते नऊ. चाळीस मिनिटं शांततेवर बोललो. सिव्हर्ट डोळे मिटून ऐकत होता. त्याला आतून लागलं असावं. दाग्नी म्हणते घोरत होता.

१३ मार्च
दुसरा धडा : चिकाटी. मंदिराला सात वर्षं लागली, असं म्हणालो. दाग्नी मागच्या बाकावरून म्हणाली, "आणि स्वतःच्या महालाला तेरा! तू शेडचं दार पाच वर्षं बसवतोयस, म्हणजे अजून आठ आहेत." हशा. सिव्हर्टने तर मांडीवर थाप मारली. पुढचे मुद्दे कुणी ऐकले नाहीत.

३ एप्रिल
घसा बसला. माझ्याऐवजी सिव्हर्ट बोलला. हिराम राजावर. शलमोनाने शेजारच्या हिरामकडे लाकूड आणि कारागीर मागितले, तो भाग मी वगळला होता. राजाने मदत मागितली यात शिकण्यासारखं काय आहे? दाग्नी घरी येऊन सांगत होती : चौतीस माणसं, कॉफी संपली, मंडळीतली तोरबोर्ग तर रडली. फक्त बारा मिनिटं बोलला म्हणे.

बारा मिनिटं कुणीही बोलेल.

२८ एप्रिल
रॅम्प तयार. अप्रतिम. शेडचं दार मोडकं असल्याचा फायदा झाला, सगळे तुकडे सहज बाहेर निघतात. अंगणातला बर्फ गेला. आणखी दोन आठवडे थांबतो, सगळ्यांनी बघायला हवं.

१२ मे, रविवार
पहाटे पाचला जाऊन रॅम्प जोडला. आवाज अजिबात नाही. नुसते स्क्रू, तेही हाताने पिळले.

उंबऱ्याच्या एक वीत खाली संपला.

फेब्रुवारीत जमीन गोठून फुगलेली असते आणि वर बर्फाचा थर असतो. मी त्या थरावर उभा राहून मोजलं; आता बर्फ वितळला, जमीन खाली बसली. आमच्याकडे पहिलीतल्या पोरालाही हे कळतं. पण शेडमध्ये इतकं काम होतं, माणूस कशाकशाकडे लक्ष देणार?

दहा वाजता सगळ्यांसमोर आईला ढकलत वर नेलं. पुढची चाकं उंबऱ्याखालच्या भिंतीला टेकली. सिव्हर्ट हसला नाही, हे सगळ्यात वाईट. म्हणाला, "अल्रिक, खाली चार ठोकळे घातले की झालं. बुधवारी येतो मी."

आई मान वळवून म्हणाली, "रॅम्पचं कुणी सांगितलं होतं तुला? पाच पायऱ्या तर आहेत. तीन वर्षांत एकदा तरी म्हणालास का, आई, चल, मी उचलतो?"

माझी पाठ, म्हणालो. पाठीला काही झालेलं नाही.

१९ मे, रविवार
रॅम्प नीट झाला. बुधवारी सिव्हर्टचा हातोडा गावभर ऐकू येत होता. आज तो रॅम्पपाशी उभा होता, खुर्ची ढकलायला तयार.

मी म्हणालो, "आई, चल, मी उचलतो."

आईने एकदा माझ्याकडे नीट पाहिलं आणि हात वर केले. मी गुडघे वाकवले, दम धरला, दात आवळले. इतका जोर लावला की मागे पडता पडता वाचलो. एवढ्या जोराची गरजच नव्हती. कोट, बूट, पर्स धरूनही आई एखाद्या लहान मुलीएवढी झालीय.

हे सिव्हर्टला तीन वर्षांपासून माहीत होतं. मला आज कळलं.