पंधरवड्याची गाडी

३ फेब्रु., सोम.
शांताक्का रिटायर झाल्या. त्यांची जागा भरायची न्हाय म्हणे. आता शेडमध्ये मी एकटीच. लेथवरचा लोखंडी कीस आणून टाकतात, मी प्रेसमध्ये ढकलते. तेल पिळून खाली, वीट बाहेर. त्या आवाजात बोलणार तरी कुणाशी?

७ फेब्रु., शुक्र.
बसाप्पा गाडी घेऊन आले. निपाणीपलीकडच्या भट्टीवर विटा वितळायला नेतात. "ऊट झालं का, अक्का?" मी व्हय म्हणाले, पण जेवले नव्हते. त्यांनी ओळखलं, डबा पुढं सरकवला. भाकरी, कारळ्याची चटणी. मी माणसासमोर बसून जेवले, किती दिवसांनी...

१२ फेब्रु., बुध.
साहेब खूश. "बाई, सुटा कीस न्यायला आठवड्याला तीन गाड्या लागायच्या. आता पंधरवड्याला एक बास!" मीबी हसले. उचगावला खोलीवर आल्यावर डोक्यात आलं, म्हणजे बसाप्पाबी पंधरवड्यानंच.

१९ फेब्रु., बुध.
आज प्रेसचा दाब कमी केला. विटा भुसभुशीत, ढीग लवकर वाढला. गाडी लवकर बोलवावी लागेल असं वाटलं. मग माझीच मला लाज वाटली. सगळ्या फोडून परत दाबल्या. हात भरून आलेत.

२८ फेब्रु., शुक्र.
गाडी आली, आठवडाभर उशिरा. बसाप्पा आज अक्का म्हणाले न्हाईत. "सुनंदाबाई," म्हणाले. नाव कुणी सांगितलं काय म्हाईत.
"इकडची खेप आता एकच राहिली. मालक मला हुबळीकडं घालतोय." मग खाली बघून, "बायको जाऊन सहा वर्षं झाली. घर रिकामं हाय."
"रिकामं घर मलाबी ठाव हाय," मी म्हणाले.
"मग?"
तेवढ्यात गाडी भरणारे आले. "पुढच्या खेपेला सांगते," एवढंच मी बोलले.

९ मार्च, रवि.
पोरीला पुण्याला फोन केला. सांगून टाकलं. मग, "आई, चंदगडला मामाला काय सांगायचं?" ठेवता ठेवता म्हणाली, "स्वयंपाक येतोय का त्यांना?"
हसू आलं. मग रडूबी.

१३ मार्च, गुरु.
गाडी आलीय. वजनकाट्यावर उभी हाय, दारातनं दिसतेय. बसाप्पा खाली उतरून इकडंच बघायलेत. प्रेस बंद केला. शेड एवढी शांत असते हे मला ठाऊकच नव्हतं.
हात धुते, आणि जाते.